फेटा कुणाला बांधायचा: कॉलेजातला उत्तम प्लेसमेंट ऑफिसर निवडण्याची पद्धत

कोल्हापुरात सत्काराला निमित्त लागत नाही. फेटा, शाल, श्रीफळ, चौकात डिजिटल बोर्ड, आणि बोर्डावर सत्कारमूर्तीपेक्षा शुभेच्छुकांचेच फोटो मोठे. त्यामुळे काही कॉलेजांनी मिळून ‘उत्तम प्लेसमेंट ऑफिसर’ असा पुरस्कार सुरू करायचं ठरवलं आणि कंपन्यांच्या बाजूचा माणूस म्हणून मला निवड समितीत ओढलं, तेव्हा मला वाटलं, दोन तासांचं काम असेल. गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत मी पंचवीस वर्षं पर्सोनेल सांभाळलं. आसपासच्या कॉलेजांतले बरेचसे टीपीओ, म्हणजे ट्रेनिंग अँड प्लेसमेंट ऑफिसर, मुलांच्या नोकऱ्यांचं काम बघणारे, मला नावानं ओळखत होते. पहिल्या वर्षी आम्ही सगळ्यांकडून आकडे मागवले, सगळ्यात मोठा आकडा शोधला आणि फेटा बांधला. कार्यक्रम संपल्यावर चहाच्या टेबलाशी त्याच कॉलेजचा एक माजी विद्यार्थी शेजारी येऊन उभा राहिला. म्हणाला, “साहेब, त्या आकड्यात मी पण आहे. ऑफर मिळाली होती. जॉइनिंगचं पत्र अजून यायचंय.” ऑफरला चौदा महिने झाले होते.

पुढच्या तीन-चार वर्षांत आम्ही पद्धत बदलत गेलो. जी टिकली ती इथं सांगतो. कॉलेज, शिक्षण संस्था, माजी विद्यार्थी संघ, उद्योजकांची संघटना, कुणालाही ती वापरता येईल. एकाच कॉलेजात आतल्या आत कौतुक करायचं असेल तरी चालेल, फक्त समितीत बाहेरचा एक माणूस घ्या.

पहिलं काम: नेमकं कुणाकडे बघायचं ते ठरवा

इंजिनिअरिंग कॉलेजात टीपीओ हे पूर्ण वेळेचं पद असतं. केबिन असते, दारावर पाटी असते, हाताखाली प्रत्येक शाखेचा एक समन्वयक असतो. कला, वाणिज्य, विज्ञान महाविद्यालयात चित्र वेगळं. तिथं ‘अतिरिक्त कार्यभार’ या नावाखाली हे काम भूगोलाच्या किंवा रसायनशास्त्राच्या एखाद्या प्राध्यापकाच्या गळ्यात पडतं. आठवड्याच्या सोळा तासिका, पेपर तपासणी, नॅकच्या मूल्यांकनाच्या फायली, आणि उरलेल्या वेळात मुलांच्या नोकऱ्या. शिवाजी विद्यापीठ १९६२ साली सुरू झालं. आज त्याचा पसारा कोल्हापूर, सांगली, सातारा या तीन जिल्ह्यांत आहे, आणि त्यातली कितीतरी कॉलेजं या दुसऱ्या प्रकारची, तालुक्याच्या गावी आहेत. या दोघांना एका तराजूत घातलं की शहरातला इंजिनिअरिंगवालाच जिंकणार. दोन स्वतंत्र गट करा. एकच पुरस्कार द्यायचा असेल तर एक वर्ष या गटाला, पुढचं वर्ष त्या गटाला.

तिसरा एक माणूस बहुतेक सगळे विसरतात. प्लेसमेंट सेलमधला कारकून. मुलांची यादी तो करतो, एटीकेटी सुटली की नाव पात्र यादीत तो घालतो, रात्री दहाला “सर, उद्या ओरिजिनल आणायचेत का झेरॉक्स?” हा फोन त्याला जातो. एका कॉलेजात तीन टीपीओ बदलले तरी काम सुरळीत होतं, कारण खुर्चीमागचा हा माणूस बदलला नव्हता. नामांकनात पदाची अट घालू नका.

आकडा फोडून घ्या

‘९० टक्के प्लेसमेंट’ कशी तयार होते, ते एकदा कागदावर मांडून बघा.

शेवटच्या वर्षात १२० मुलं. त्यातली एकही एटीकेटी नसलेली, साठ टक्क्यांच्या वरची आणि सेलकडे नोंदणी केलेली ६०. कंपन्यांकडून आलेल्या ऑफर ५४. साठात चोपन्न म्हणजे ९० टक्के, आणि माहितीपत्रकावर हाच आकडा जातो. पण हुशार मुलांना दोन-दोन ऑफर असतात, म्हणून ५४ ऑफर प्रत्यक्षात ४३ मुलांच्या हातात आहेत. त्या ४३ पैकी रुजू झाली ३१. एकशे वीसात एकतीस, म्हणजे साधारण २६ टक्के. यात कुणी खोटं बोललेलं नाही. प्रत्येक पायरीवर भागाकार फक्त सोयीचा केला.

म्हणून टक्केवारी मागूच नका. पाच संख्या मागा: वर्गातली एकूण मुलं, त्यातली नोकरी हवी म्हणणारी, किमान एक ऑफर मिळालेली, प्रत्यक्ष रुजू झालेली, आणि सहा महिन्यांनंतरही कामावर असलेली. भागाकार समितीनं करावा. ‘नोकरी हवी म्हणणारी’ ही संख्या मुलांच्या सहीच्या अर्जावरून यायला हवी. नाहीतर ज्याला नोकरी लागली नाही तो ‘उच्च शिक्षणासाठी इच्छुक’ होऊन बसतो.

पगाराचंही तसंच. ‘सर्वाधिक पॅकेज’ हा आकडा एका मुलाचा असतो. केंद्र सरकारची कॉलेजांची एनआयआरएफ क्रमवारीसुद्धा सर्वाधिक पगार विचारत नाही, मध्यक विचारते. सगळे पगार चढत्या क्रमानं लावल्यावर बरोबर मधला जो येतो, तो. तोच मागा, आणि सीटीसी (कंपनीचा त्या माणसावरचा वर्षाचा एकूण खर्च) नको, हातात येणारी रक्कम मागा. पुण्यात खोलीचं भाडं आणि मेस वजा जाता काय उरतं, हे मुलाच्या घरी हातातल्या रकमेवरूनच मोजतात.

अप्रेंटिसशिप वेगळ्या रकान्यात लिहायला सांगा. १९६१ च्या कायद्याखालची शिकाऊ उमेदवारी मुलासाठी चांगली सुरुवात असते, आमच्याकडचे कितीतरी सुपरवायझर त्यातूनच आले, पण ती कायम नोकरी नव्हे. २०२४ मध्ये राज्य सरकारनं सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिन्याला दहा हजार विद्यावेतन ठरलं. काही कॉलेजांनी त्या प्रशिक्षणार्थींची नावं थेट प्लेसमेंटच्या यादीत घातलेली मी पाहिली आहेत.

हे आकडे कधीचे घ्यायचे? कॅम्पसच्या हंगामात हातात असते ती ऑफर, नोकरी नव्हे. ब्रिटनमध्ये पदवीधरांचं सर्वेक्षण अभ्यासक्रम संपल्यावर साधारण पंधरा महिन्यांनी करतात. अमेरिकेत कॉलेजं आणि कंपन्यांच्या नेस या संघटनेनं सहा महिन्यांची मर्यादा सुचवली आहे. आपल्याकडे मुलं जून-जुलैत बाहेर पडतात, म्हणून जानेवारीत आधीच्या बॅचची स्थिती विचारा आणि पुरस्कार फेब्रुवारीत द्या. ज्यांना घाई आहे त्यांना मागच्या वर्षीचीच बॅच मिळेल, आणि ते बरोबरच आहे.

आता एवढे स्वच्छ आकडे हातात आले तरी माणूस ओळखता येत नाही. एखाद्या वर्षी आयटी कंपन्या भरभरून घेतात, एखाद्या वर्षी ऑफर देऊन वर्षभर बोलावत नाहीत. त्यात टीपीओचं काय पुण्य आणि काय पाप? तुलना करायचीच तर त्याच कॉलेजच्या, त्याच शाखेच्या मागच्या तीन वर्षांशी करा. मेकॅनिकलची कॉम्प्युटरशी आणि बीएची बीबीएशी लावाल तर भांडणच होईल. आकड्यांचा उपयोग एवढाच की अर्जात लपवाछपवी आहे का ते कळतं. ज्यानं पाचही संख्या न कुरकुरता दिल्या, त्याची फाइल पुढं घ्या.

खरा प्रश्न: हा माणूस नसता तर?

वर्गातल्या पहिल्या दहा मुलांना नोकरी मिळतेच. टीपीओनं फक्त हॉल उघडून दिला तरी मिळते. म्हणून समितीनं यादी खालून वाचायला सुरुवात करावी. मराठी माध्यमातून आलेला, इंग्रजीत ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ म्हटल्यावर घाम फुटणारा मुलगा. एक वर्ष वाया गेलेला मुलगा. आणि अशी मुलगी, जिचे वडील म्हणतात, “शिकवलं तेवढं बास, पुण्याला एकटी नको.”

या शेवटच्या प्रकारात एका बाईंचं काम मी जवळून बघितलं. त्यांच्या कॉलेजात मुलींना ऑफर मिळायच्या आणि रुजू होण्याच्या वेळी गळती व्हायची. बाईंनी मुलींना समजावत बसण्याऐवजी पालकांची बैठक लावली, तीही शनिवारी दुपारी, कारण शेतकरी बापाला तीच वेळ सोयीची. आधीच्या बॅचच्या, पुण्यात नोकरी करणाऱ्या दोन मुलींना तिथं बोलावलं. हॉस्टेलचे पत्ते, भाडं, कंपनीची बस कुठून सुटते, रात्रपाळी असते का, सगळं फळ्यावर लिहिलं. एकाच कंपनीत तिघी-तिघी जातील असं बघितलं. त्या वर्षी ऑफरचा आकडा वाढला नाही, रुजू होणाऱ्यांचा वाढला. माहितीपत्रकात या कामासाठी रकानाच नव्हता.

दुसरा माणूस अर्थशास्त्राचा, तालुक्याच्या गावच्या कला महाविद्यालयातला. त्याच्याकडे कुठलीच कंपनी येत नव्हती. त्यानं वही घेतली आणि तालुक्यातल्या पतसंस्था, दूध संकलन केंद्रं, साखर कारखान्याचं ऑफिस, दोन मोठी हॉस्पिटलं अशी फेरी मारली. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारला: “तुमच्याकडे नवीन कारकून आला की पहिल्या महिन्यात त्याला काय येत नाही?” उत्तरं आली: मराठी टायपिंग, टॅली, जीएसटीच्या नोंदी, फोनवर नीट बोलणं. मग त्यानं संध्याकाळचे वर्ग लावले. वर्षाअखेर सात मुली आणि चार मुलं कामाला लागली. पगार असे की कुठल्याही फ्लेक्सवर छापले नसते. पण त्या गावात बीए झालेली मुलगी त्याच गावात महिन्याला पगार आणते, हे आधी घडत नव्हतं.

कोल्हापूरच्या मुलांचं आणखी एक वैशिष्ट्य लक्षात ठेवा. प्रत्येक वर्गातली बरीच पोरं एमपीएससी, पोलीस भरती किंवा सैन्यभरतीच्या मागं असतात. पहाटे मैदान, दिवसा अभ्यासिका. साधा टीपीओ त्यांना ‘इच्छुक नाहीत’ म्हणून यादीतून काढतो, आणि त्याचा भागाकार सुधारतो. चांगला टीपीओ त्यांना बसवून विचारतो, “किती प्रयत्न? कोणत्या वर्षापर्यंत? नाही झालं तर पुढं काय?” आणि दोन वर्षांनी ते पोरगं परत आलं तर दार उघडं ठेवतो. अर्जात हे विचाराच: उत्तीर्ण होऊन गेलेल्या किती मुलांना यंदा मदत केली? बहुतेक ठिकाणी हा रकाना कोरा येतो. भरून आला की कान टवकारा.

आणि भूगोल. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतली पहिली पाळी राधानगरीच्या मुलाला पहिल्या एसटीनं गाठता येते का, हे ज्याला पाठ आहे, तो मुलांबरोबर फिरलेला माणूस. मुलाखतीच्या वेळी आम्ही हा प्रश्न गंमत म्हणून विचारायचो. नंतर तो सगळ्यात कामाचा प्रश्न ठरला.

अर्ज: एक पान, चार प्रश्न

चाळीस पानी फाइल मागवली की फाइल करण्यात हुशार असलेला माणूस जिंकतो. एका पानात भागवा. उमेदवारानं कुठली एक अडचण ओळखली? त्यावर काय केलं, तारखेसह? त्यानं कुणाचं काय बदललं? आणि जे जमलं नाही असं एक काम कोणतं? हा चौथा प्रश्न सोडू नका. ज्याला अपयश आठवत नाही, त्याला पहिल्या फेरीतच नमस्कार.

अर्ज कुणीही भरू द्या: विद्यार्थी, सहकारी, कंपनी. स्वतःचा अर्ज स्वतः भरायलाही हरकत नाही. आपल्याकडे स्वतःबद्दल बोलणं उथळ मानतात, म्हणून खरी काम करणारी माणसं गप्प राहतात आणि ज्यांना संकोच नाही त्यांचेच अर्ज येतात. प्राचार्यांच्या शिफारशीची अट मात्र काढून टाका. ज्या टीपीओनं संस्थाचालकांच्या पाहुण्याचं पोरगं यादीत वर सरकवायला नकार दिला, त्याला ती शिफारस कधीच मिळणार नाही.

फोन करा, आणि नंबर तुम्ही निवडा

सगळ्या पद्धतीत जास्तीत जास्त वेळ इथं घाला. उमेदवाराकडून पूर्ण बॅचची यादी घ्या आणि त्यातली बारा नावं समितीनं चिठ्ठ्या टाकून काढावीत: चार रुजू झालेली, चार ऑफर मिळून न गेलेली, चार काहीच न मिळालेली. उमेदवारानं दिलेले नंबर लावलेत तर बाराच्या बारा जण एकाच सुरात “सर देवमाणूस आहेत” म्हणतील.

फोन लावण्याआधी कॉलेजकडून मुलांना एक मेसेज जाऊ द्या, की अमुक कारणासाठी फोन येईल, बोलायचं नसेल तर नाही म्हणा. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाल्यापासून मुलांचे नंबर असे वाटत सुटणं बरं नाही, आणि कायदा नसता तरी सभ्यपणा होताच. दुपारी फोन लावू नका. कामावरचं पोरगं उचलत नाही, आणि घरी असलेल्याचा फोन आई उचलते, मग पंधरा मिनिटं तिचंच ऐकावं लागतं. (एकदा अशाच एका आईकडून मला टीपीओबद्दल जे कळलं ते मुलानं कधी सांगितलं नसतं. पोरगा नापास झाला तेव्हा सर घरी येऊन गेले होते.)

काय विचाराल? “सर चांगले आहेत का?” हा प्रश्न नव्हे. असं विचारा: “तुम्ही त्यांना शेवटचं कधी भेटलात? त्यांनी तुमचा बायोडाटा हातात घेऊन त्यावर काही लिहिलं का? काय लिहिलं? मुलाखतीत नाकारल्यावर त्यांनी काय म्हटलं?” तपशील आला की समजा काम झालेलं आहे. “खूप सपोर्ट केला” एवढ्यावर थांबलं की पुढचा नंबर लावा.

ज्यांना काहीच मिळालं नाही त्या चौघांचं बोलणं सगळ्यात मोलाचं. त्यांचा राग गृहीत धरा. तरीही त्यातला एखादा म्हणतो, “नोकरी नाही लागली, पण सरांनी मला सांगितलं होतं, तुझं ड्रॉइंग कच्चं आहे, आधी सहा महिने डिझाइनचा कोर्स कर. मी ऐकलं नाही.” असं वाक्य एका फोनवर मिळालं तर ती फाइल बाजूला काढून ठेवा.

कंपन्यांना विचारायचा एकच प्रश्न

कंपनीवाल्याला टीपीओबद्दल विचारलं तर तो चहा, जेवण, हॉल, प्रोजेक्टर यांचं कौतुक करील. मी स्वतः केलंय. त्याला विचारा: “या माणसानं तुम्हाला कधी ‘नाही’ म्हटलं का?”

हा प्रश्न मला माझ्याच अनुभवातून सुचला. आमच्या कंपनीत एके काळी ट्रेनी घेताना दोन वर्षांचा बॉण्ड आणि ओरिजिनल मार्कशीट जमा करून घ्यायची पद्धत होती. मी एका टीपीओला फोन केला, वीस मुलं हवीत म्हणालो. तो म्हणाला, “मुलं देतो. पण ओरिजिनल तुमच्या कपाटात राहणार असतील तर माझ्याकडे कॅम्पस होणार नाही.” मी चिडलो. वीस जागांना कोण नाही म्हणतं? दुसऱ्या कॉलेजातून भरती केली. त्यातली निम्मी पोरं वर्षात निघून गेली, काहींनी कागदांसाठी भांडणं केली, एकाचा बाप गेटवर येऊन बसला. मोल्डिंगच्या उष्णतेत आणि धुळीत उभं राहायची मनाची तयारी नसलेलं पोरगं कागद अडकवून थांबत नाही, हे मला तेव्हा कळलं. पुढच्या वर्षी ती अट मी मालकांशी बोलून काढून टाकली आणि त्या टीपीओला परत फोन केला. त्यानं मुलाखतीच्या आधी एक मागणी घातली: मुलांना आधी शॉप फ्लोअर दाखवा, मेल्टिंग चालू असताना. तीस मुलं आली, बघून अकरा परत गेली. राहिलेल्या एकोणीसांतून आम्ही बारा घेतली. तीन वर्षांनी नऊ होती.

त्यानं मला नकार दिला त्या वर्षी त्याच्या अहवालात आमच्या कंपनीपुढं वीसऐवजी शून्य लागलं होतं. आकडे बघून पुरस्कार देणाऱ्या कुठल्याही समितीला तो दिसला नसता.

म्हणून नाकारलेल्या कंपन्यांची नोंद मागा. डिपॉझिट मागणाऱ्या, ट्रेनिंगच्या नावाखाली मुलांकडून पैसे घेणाऱ्या, इंजिनिअर म्हणून नेऊन घरोघरी विक्री करायला लावणाऱ्या कंपन्या दर वर्षी येतात. मेल छान असतो, लोगो छान असतो. चांगला टीपीओ आधी कंपनीच्या पत्त्यावर जाऊन येतो, निदान तिथं काम करणाऱ्या एखाद्या माजी विद्यार्थ्याला फोन लावतो. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यात हे अवघड नाही, अर्ध्या दिवसाचं काम. कोण जातं आणि कोण जात नाही, ते वॉचमनच्या रजिस्टरवर कळतं.

समिती आणि गुण

पाच जण पुरे. एक कंपनीचा, एक निवृत्त प्राध्यापक, दोन माजी विद्यार्थी, त्यातली एक मुलगी, आणि एक दुसऱ्या जिल्ह्यातला टीपीओ. या शेवटच्या माणसाला बाकीच्यांना न दिसणाऱ्या युक्त्या दिसतात. कुणाचा भाचा, जावई, जुना विद्यार्थी यादीत असेल तर त्यानं त्या नावापुरतं खोलीबाहेर बसावं. कोल्हापुरात सगळेच एकमेकांचे पाहुणे लागतात, तेव्हा बाहेर बसणाऱ्यांसाठी चहाची सोय ठेवा.

गुण आम्ही शंभरातून देतो: अवघड मुलांसाठी केलेल्या कामाला चाळीस, कंपन्यांशी वागणुकीला पंचवीस, नोंदींच्या खरेपणाला वीस, सहकाऱ्यांना शिकवलं का, याला पंधरा. या वाटणीला काही शास्त्र नाही. गुण आधी प्रत्येकानं घरी द्यायचे आणि मग एकत्र बसायचं, म्हणजे मोठ्या आवाजाचा माणूस सगळ्यांना आपल्या मागं ओढत नाही. दोघांच्या गुणांत वीसपेक्षा जास्त फरक पडला तर त्यावरच बोला, बाकीचं सोडा.

काही गोष्टी थेट बाद करणाऱ्या: मुलांकडून नोंदणीच्या नावाखाली पावतीशिवाय पैसे घेतले, कंपनीकडून स्वतःसाठी काही घेतलं, ऑफर लेटर आणि लेटर ऑफ इंटेंट (नोकरी देण्याचा नुसता इरादा कळवणारं पत्र) यातला फरक मुलांपासून लपवला. यावर चर्चा नको.

आणि एखाद्या वर्षी कुणीच बसत नसेल तर पुरस्कार देऊ नका. आम्ही एकदा दिला नाही. हॉल बुक झालेला होता, संस्थेचे लोक नाराज झाले, पण पुढच्या वर्षी अर्ज जास्त आले.

मानपत्र

इथं बहुतेक जण हात टेकतात आणि जुन्या मानपत्रावर नाव बदलतात. नेहमीचा मजकूर असा: “आपण विद्यार्थ्यांच्या सर्वांगीण विकासासाठी अहोरात्र परिश्रम घेऊन शैक्षणिक क्षेत्रात मानाचा तुरा रोवलात.” हे कुणालाही लागू पडतं, निवृत्त होणाऱ्या शिपायाला आणि कुलगुरूंना सुद्धा.

त्याऐवजी फोनवर जे ऐकलं ते लिहा. त्या बाईंसाठी आम्ही लिहिलेलं असं होतं: “तुमच्या कॉलेजातल्या मुलींच्या हातात ऑफर असायची आणि पायात घरचा शब्द. तुम्ही मुलींना दोष दिला नाहीत. शनिवारच्या दुपारी त्यांच्या वडिलांना बोलावलंत, फळ्यावर हॉस्टेलचं भाडं लिहिलंत, आणि प्रश्न संपेपर्यंत उभ्या राहिलात.” वाचताना तिसऱ्या रांगेतला एक बाप उठून उभा राहिला, तेव्हा मानपत्र बरोबर जमलंय हे आम्हाला कळलं.

दीडशे शब्दांच्या वर जाऊ नका. आकडा एखादाच, आणि तो खरा. मुलाचं किंवा मुलीचं नाव घ्यायचं असेल तर आधी विचारा, कारण ‘नापास झालेला’ म्हणून कुणाला स्टेजवरून ओळखू यायला नको. मानपत्र वाचायला पाहुण्याऐवजी माजी विद्यार्थ्याला द्या.

द्यायचं काय

फेटा बांधाच. कोल्हापुरात फेट्याशिवाय सत्कार म्हणजे रस्श्याशिवाय मटण. पण शालींचं काय होतं ते आपल्या सगळ्यांच्या कपाटात आहे. आम्ही निवड झाल्यावर उमेदवाराला आधीच विचारतो, की तुमचं काम सोपं व्हायला काय हवं? उत्तरं साधी आली आहेत. आठवड्याच्या चार तासिका कमी. कंपन्यांना भेटायला जायचा प्रवासखर्च, बिल मागण्याच्या कटकटीशिवाय. सेलसाठी वेगळा मोबाइल नंबर, म्हणजे रात्री घरचा फोन वाजणार नाही. अशी एक गोष्ट संस्थाचालकांकडून लेखी मिळवा आणि स्टेजवर जाहीर करून घ्या. चारचौघांत दिलेला शब्द मोडायला आपल्याकडे जड जातं.

कार्यक्रम तासाभराचा, एका पाहुण्याचा. तारीख परीक्षांच्या आधीची, सुट्टीच्या दिवशीची, म्हणजे नोकरीला गेलेली मुलं पुण्याहून येऊ शकतील. कारकुनाला आणि विद्यार्थी समन्वयकांना स्टेजवर बोलवा, फोटोत घ्या.

नंतर दोन कामं उरतात. ज्यांची निवड झाली नाही त्यांना समितीनं प्रत्येकी चार ओळी लिहाव्यात: तुमच्या फाइलमधलं हे आवडलं, हे कमी पडलं. आणि निवडलेल्या माणसाला पुढच्या सहा महिन्यांत दुसऱ्या दोन कॉलेजांत अर्धा दिवस पाठवा, भाषणाला नव्हे, तिथल्या सेलमध्ये शेजारी बसायला. अर्थशास्त्राचे ते सर अशा एका कॉलेजात गेले तेव्हा भाषण ऐकायला मुलं जमवून ठेवली होती. त्यांनी माइक बाजूला ठेवला, तिथल्या प्राध्यापकाला गाडीवर मागं बसवलं आणि गावातल्या पहिल्या पतसंस्थेत घेऊन गेले.